घरच्या घरी भोंगा बनवायचाय? मग स्पीकर घेताना वॅट नाही, मॅग्नेट बघा

सुरगाणा तालुक्यात होळीनंतर बोहाड्याचे दिवस येतात. रात्रभर मुखवटे नाचतात, संबळ घुमतो आणि सनईचा आवाज पार पलीकडच्या पाड्यापर्यंत जातो. सनईला ना बॅटरी लागते ना ॲम्प्लिफायर. एका माणसाच्या फुंकीवर हा आवाज इतका लांब कसा पोचतो?

उत्तर सनईच्या टोकाला आहे. तिथं फुलासारखं उमललेलं एक तोंड असतं. तारप्याच्या टोकालाही ताडाच्या पानांचा असाच उघडत जाणारा कर्णा असतो. तुतारी तर सगळीच्या सगळी निमुळत्या गळ्यापासून रुंद तोंडापर्यंत वाढत जाते. ही वाद्यं आणि देवळाच्या शिखरावरचा लाउडस्पीकर यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे भोंगा.

सध्या यूट्यूबवर बघून घरी भोंगा स्पीकर बनवणारे बरेच जण दिसतात. कुणी पत्र्याचा करतं, कुणी प्लायवूडचा. पण बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. भोंगा तर तयार झाला, आता त्याच्या मागं कुठला स्पीकर लावायचा? महागडा परवडत नाही आणि स्वस्तातला लावला की आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो.

स्वस्तातही चांगला स्पीकर मिळतो. फक्त तो निवडण्याचे निकष नेहमीपेक्षा वेगळे आहेत.

भोंगा नेमकं करतो काय?

भोंग्याला वीज लागत नाही, म्हणजे तो आवाजात स्वतःची ताकद घालत नाही. मग आवाज वाढतो कसा?

साध्या स्पीकरचा कागदी कोन पुढं-मागं हलतो आणि समोरची हवा ढकलतो. अडचण अशी की कोन जड आणि हवा हलकी. रिकाम्या हवेत जोरात बुक्की मारून बघा. हात दुखतो, पण हवेला काही होत नाही. स्पीकरचंही तसंच होतं. घरातला साधा स्पीकर त्याला दिलेल्या विजेपैकी साधारण अर्धा ते एक टक्काच आवाजात बदलतो. उरलेली सगळी वीज कॉइल गरम करण्यात जाते.

भोंग्याचा अरुंद गळा कोनासमोरच्या हवेला सहज पळू देत नाही. कोनाला ढकलायला काहीतरी 'घट्ट' मिळतं. तो दाब मग भोंग्यातून हळूहळू पसरत रुंद तोंडापर्यंत येतो आणि बाहेरच्या मोकळ्या हवेला अलगद जोडला जातो. सायकलचा गिअर पायाची ताकद आणि चाकाची गरज यांचा मेळ घालतो, तसंच हे काम आहे. चांगल्या भोंग्यात १० ते ३० टक्के वीज आवाजात उतरू शकते. शिवाय भोंगा आवाज चारी दिशांना न उधळता एका बाजूला पाठवतो, त्यामुळं समोर उभ्या असलेल्या माणसाला तो आणखी मोठा वाटतो.

इथं एक फरक लक्षात घ्यायला हवा. तुतारी किंवा सनईच्या नळीत ठरावीक सूर घुमावा लागतो, तेच तिचं काम. स्पीकरच्या भोंग्यात मात्र कुठलाच एक सूर जास्त घुमता कामा नये, नाहीतर माणसाचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो. म्हणून त्याचा आकार मोजूनमापून वाढवावा लागतो.

हा फायदा सुरगाण्यासारख्या भागात फार कामाचा आहे. डोंगराळ तालुका, लांब लांब विखुरलेले पाडे आणि मुसळधार पाऊस. अशा ठिकाणी ग्रामसभा, शाळेचा कार्यक्रम किंवा भजन बॅटरीवर करायची वेळ आली, तर कमी विजेत लांब जाणारा आवाज हीच खरी गरज असते.

नाशिकशी जुनं नातं

ही कल्पना काही नवी नाही. जुन्या ग्रामोफोनला वीज नव्हती, तिथं सगळा आवाज भोंग्यावरच चालायचा. बोलपट आले तेव्हा हजार माणसांच्या थिएटरात आवाज पोचवायचा होता आणि ॲम्प्लिफायर होते जेमतेम काही वॅटचे. अमेरिकेत वेंट आणि थुरास या दोन इंजिनिअरांनी त्यावर तोड काढली. त्यांचं 'वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५' हे युनिट १९२६ मध्ये आलं. छोटा हलका ॲल्युमिनियमचा पडदा, मागं जबरदस्त मॅग्नेट आणि पुढं लांबलचक भोंगा. आजच्या भोंग्यांची युनिट याच कल्पनेवर चालतात.

आपल्याकडं भोंगा घराघरात माहीत झाला तो सभांमुळं. स्वातंत्र्यलढ्यात काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवायचं काम मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'नं केलं. नावात शिकागो असलं तरी कंपनी मोटवाने कुटुंबाची. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओ प्रकरणात उषा मेहतांसोबत नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. याच मोटवाने घराण्याचा कारखाना पुढं नाशिकरोडला उभा राहिला आणि त्यांचे मल्टिमीटर इलेक्ट्रिशियन लोकांच्या ओळखीचे झाले. स्वस्त स्पीकर निवडताना मल्टिमीटर किती उपयोगी पडतो, ते पुढं येईलच.

आधी ठरवा, कुठला प्रकार हवा?

भोंग्यामागं लावायचे स्पीकर, म्हणजेच ड्रायव्हर, दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार म्हणजे 'युनिट'. मांडववाल्यांकडं दिसणाऱ्या भोंग्याच्या मागचा गोल लोखंडी डबा. यात छोटा कडक पडदा असतो आणि आवाज साधारण एक इंचाच्या भोकातून बाहेर पडतो. बहुतेक युनिटना १-३/८ इंचाचे आटे असतात, त्यामुळं एका कंपनीचं युनिट दुसऱ्याच्या भोंग्यावर बसू शकतं. भाषण, सूचना, आरोळी यासाठी हे उत्तम. पाऊस-धुळीत टिकतं आणि पडदा फाटला तर अनेक युनिटमध्ये नुसता पडदा बदलता येतो. कमतरता अशी की यात ढोलाचा 'धूम' येत नाही आणि बारीक चमकदार सूरही कमीच येतात. गाणी ऐकायची असतील तर हे पुरेसं नाही.

दुसरा प्रकार म्हणजे नेहमीचा कागदी कोनाचा स्पीकर. तो एका बंद डब्यात बसवायचा आणि कोनासमोर भोंगा जोडायचा. ३ ते ८ इंची कुठलाही स्पीकर यासाठी वापरता येतो, पण सगळेच चालत नाहीत. गाण्यासाठी आणि हौसेच्या प्रयोगासाठी हाच प्रकार जास्त वापरला जातो आणि स्वस्तात हात मारायची संधीही इथंच आहे.

मग बघायचं काय?

दुकानात गेल्यावर पहिलं लक्ष वॅटवर जातं. डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, १००० वॅट, पीएमपीओ वगैरे लिहिलेलं असतं. भोंग्यासाठी या आकड्याला जवळजवळ काही किंमत नाही. वॅट म्हणजे स्पीकर किती वीज सहन करेल याचा आकडा, तो किती मोठ्यानं वाजेल याचा नाही. पीएमपीओ तर निव्वळ जाहिरातीचा आकडा.

त्याऐवजी चार गोष्टी बघा.

१. सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८४ डेसिबल आणि ९४ डेसिबल यांत दहाचा फरक दिसतो, पण त्याचा अर्थ असा की तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दहापट वीज लागते. भोंग्यासाठी ९० च्या वरचा स्पीकर मिळाला तर उत्तम.

२. मॅग्नेटची ताकद. भोंग्याच्या गळ्यातली दाबलेली हवा ढकलायची तर मागून जोर हवा. तो मॅग्नेट आणि कॉइलमधून येतो. डेटाशीटमध्ये हे 'क्यूटीएस' किंवा 'क्यूईएस' या आकड्यांतून कळतं. आकडा जितका लहान, तितकी मॅग्नेटची पकड मजबूत. भोंग्यासाठी क्यूटीएस ०.४ च्या खाली असावा, ०.३ च्या आसपास असेल तर फारच छान. उघड्या बॉक्ससाठी विकले जाणारे स्वस्त स्पीकर ०.७ किंवा त्याहूनही वर असतात. ते भोंग्यात पोकळ वाजतात.

३. हलका कोन. जड कोन पटकन दिशा बदलू शकत नाही, म्हणून वरचे सूर गायब होतात. साधा पातळ पण कडक कागद आणि कडेला कापडाची किंवा कागदाचीच किनार असलेला स्पीकर घ्यावा. जाड रबराची गुबगुबीत किनार दिसली की समजायचं, हा लांब उड्या मारणारा सबवूफरच्या जातीचा आहे. भोंग्यात कोनाला लांब उड्या माराव्याच लागत नाहीत.

४. अनुनाद, म्हणजे 'एफएस'. कोन मोकळा सोडला तर ज्या कंपनावर तो सगळ्यात सहज हलतो, तो आकडा. घरगुती वूफरमध्ये हा जितका कमी तितका चांगला मानतात. भोंग्यात तो अगदी कमी असायची गरज नाही.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीला जोडणारा एक सोपा हिशेब आहे. एफएसला २ नं गुणा आणि क्यूईएसनं भागा. जे उत्तर येईल, साधारण त्या कंपनसंख्येनंतर कोनाचं वजन आड येऊ लागतं आणि आवाज हळूहळू उतरतो.

समजा एका स्पीकरचा एफएस ९० आणि क्यूईएस ०.४ आहे. ९० दुणे १८०, भागिले ०.४, उत्तर ४५० हर्ट्झ. दुसऱ्याचा एफएस १२० आणि क्यूईएस १.२. उत्तर २०० हर्ट्झ. दुसरा स्पीकर फार लवकर दमला. वरच्या सुरात भोंगा आवाज एका दिशेला गोळा करतो, त्यामुळं ही उतरण समोरून ऐकताना थोडी भरून निघते. पण सुरुवातच २०० ला झाली तर भरून काढायला फार काही उरत नाही.

डेटाशीट नाही? मग बोटानं वाजवून बघा

आता खरी अडचण. स्वस्त स्पीकरबरोबर डेटाशीट येतच नाही. भंगारातून काढलेल्या टीव्हीच्या स्पीकरवर तर नुसतं '८ ओहम ५ वॅट' असतं. अशा वेळी पाच चाचण्या करता येतात. त्यातल्या बऱ्याचशा दुकानात उभ्या उभ्या होतात.

पहिली चाचणी, टिचकीची. स्पीकर हातात धरून कोनाच्या मधोमध बोटानं हलकी टिचकी मारा आणि आवाज ऐका. मग मागच्या दोन्ही टर्मिनलांना वायरचा तुकडा लावून ती एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. मॅग्नेट ताकदवान असेल तर आवाजात लगेच फरक पडतो. आधी 'डुम्म' असा घुमणारा आवाज आता 'टप्' असा आखूड होतो. कारण कोन हलला की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि वायर जोडल्यामुळं तीच वीज कॉइलला ब्रेक लावते. मॅग्नेट जितकं जोरदार, तितका ब्रेक कडक. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर तो स्पीकर भोंग्यासाठी खाली ठेवून द्या. एकही पैसा खर्च न करता क्यूईएसचा अंदाज देणारी याहून सोपी चाचणी नाही.

दुसरी चाचणी, सरळ चालीची. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा दाबून अगदी हळू आत ढकला. 'खर्र खर्र' असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झालीय किंवा फटीत कचरा अडकलाय. असा स्पीकर फुकट मिळाला तरी नको.

तिसरी चाचणी, मल्टिमीटरची. ओहमवर ठेवून दोन्ही टर्मिनल तपासा. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. भोंग्याची बरीच युनिट १६ ओहमची असतात, तीही याच हिशेबात थोडी कमी दाखवतात. मीटर अगदी शून्याजवळ गेला तर कॉइल जळून शॉर्ट झालेली असू शकते. भोंग्याच्या आत १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असला तर बाहेरच्या तारांवरचा आकडा युनिटचा नसतो, म्हणून युनिट मोकळं करून मोजा.

चौथी चाचणी, सेलची. ही फक्त कोनाच्या स्पीकरसाठी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलांना टेकवा. कोन बाहेर आला तर सेलची प्लस बाजू ज्या टर्मिनलला होती, ते स्पीकरचं प्लस. दोन स्पीकर एकत्र लावणार असाल तर हे जुळवावंच लागतं, नाहीतर दोघं एकमेकांचा आवाज खातात.

पाचवी चाचणी, मोबाइलची. टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या. छोट्या ॲम्प्लिफायरवरून हळू आवाजात ५० हर्ट्झपासून वर वर जात राहा. ज्या आकड्याला कोन सगळ्यात जास्त थरथरतो, तो साधारण एफएस. याच वेळी कुठं खरखर किंवा भिरभिर ऐकू आली तर तीही कळते.

कुठला स्वस्त स्पीकर चालेल?

डीजे आणि कारवाले वापरतात तो ६ किंवा ८ इंची 'मिड' सगळ्यात भरवशाचा. कागदी कोन, कापडी किनार, मागं जाडजूड मॅग्नेट आणि सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा ९० च्या वर. जुना पण न जळलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

जुन्या रेडिओतले स्पीकर दिसायला साधे, पण कामाचे. त्या काळी ॲम्प्लिफायरच इवलासा होता, म्हणून स्पीकर हलक्या कोनाचा आणि संवेदनशील बनवावा लागे. फक्त कागद ठिसूळ झालेला नाही ना, ते बघा आणि जास्त वीज देऊ नका.

जुन्या डबा टीव्हीतले लंबगोल स्पीकर भंगारात सहज मिळतात. कोन हलका असतो, मॅग्नेट मात्र बऱ्याचदा लहान. टिचकीच्या चाचणीत पास झाला तरच घ्या. शिकायला, पहिला भोंगा करून बघायला ठीक.

४ इंची साधा फुलरेंज बोलण्यासाठी आणि हलक्या गाण्यासाठी चांगला. छोटा कोन म्हणजे छोटा गळा आणि छोटा गळा म्हणजे आवरता येईल एवढा भोंगा.

कारचे तयार कोॲक्सियल, ज्यांच्या मधोमध छोटा ट्विटर बसवलेला असतो, ते टाळावेत. तो ट्विटर भोंग्याच्या गळ्यात आडवा येतो. सबवूफर तर नकोच. त्याचा कोन जड, आवाज खालचा आणि त्याला लागणारा भोंगा खोलीएवढा.

भोंगा केवढा हवा? दोन भागाकार पुरतात

स्पीकर आणि भोंगा यांची जोडी जमली पाहिजे. लहान भोंग्यातून खालचे सूर कधीच येत नाहीत, मागं कितीही भारी स्पीकर लावा. कुठल्या सुरापर्यंत खाली जायचं ते आधी ठरवायचं.

तोंडाचा व्यास काढण्यासाठी १०,९०० ला हव्या असलेल्या हर्ट्झनं भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. ३०० हर्ट्झसाठी ३६ सेंमी, २०० साठी ५५ सेंमी, १०० साठी तब्बल १०९ सेंमी. बोलणं स्पष्ट कळायला ३०० हर्ट्झपासून पुढचा आवाज पुरतो. जुना लँडलाइन फोनही साधारण तेवढाच आवाज पाठवायचा. ढोल-ताशाचा दणका हवा असेल तर मात्र दाराएवढा भोंगा लागेल.

लांबीसाठी दुसरा भागाकार. ३,७८० ला त्याच हर्ट्झनं भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या सेंटिमीटरमध्ये भोंग्याचा व्यास दुप्पट झाला पाहिजे.

उदाहरण घेऊ. ४ इंची स्पीकर आणि २०० हर्ट्झचा भोंगा. अशा स्पीकरच्या हलणाऱ्या कोनाचा व्यास साधारण ८ सेंमी असतो. गळा ६ सेंमीचा ठेवायचा. म्हणजे गळ्याचं क्षेत्रफळ कोनाच्या निम्म्याहून थोडं जास्त. यापेक्षा गळा फार आवळला तर पातळ कागदावर ताण येऊन आवाज फाटतो. आता ३,७८० भागिले २०० म्हणजे जवळपास १९ सेंमी. गळ्याशी ६, १९ सेंमीवर १२, ३८ सेंमीवर २४, ५७ सेंमीवर ४८ आणि ६० सेंमीच्या थोडं पुढं ५५ सेंमी. झाला भोंगा. लांबी दोन फूट, तोंड पावणेदोन फुटांपेक्षा थोडं जास्त.

एवढा लांब भोंगा ठेवायला जागा नसेल तर तुतारीकडं बघा. लांब नळी वळवून तिनं जागा वाचवली. मांडवातल्या भोंग्यातही आवाज आत जाऊन उलटा फिरून बाहेर येतो, तो त्यासाठीच. घरी मात्र पहिला भोंगा सरळच करावा.

आणि बनवायचा कशाचा? इथं सुरगाण्याकडं आयतं उत्तर आहे. बोहाड्याचे काही मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. हलके, कडक आणि हवा तो गोलावा देता येणारे. लंडनच्या ई.एम.जी. या ग्रामोफोन कंपनीचे नावाजलेले अवाढव्य भोंगे कागदाच्या लगद्याचेच होते. पत्रा वापरला तर तो घंटेसारखा वाजतो, म्हणून बाहेरून गोणपाट किंवा डांबराचा थर द्यावा लागतो. लगद्याचा भोंगा तेवढा वाजत नाही, फक्त पावसापासून जपायला रंगाचे दोन-तीन हात हवेत. तोंड जरा खाली झुकवून लावलं की पाणी आत साठत नाही.

स्वस्त स्पीकर जळू नये म्हणून

भोंगा ज्या सुराच्या खाली काम करत नाही, त्या सुरात कोनाला पुढं कसलाच आधार मिळत नाही आणि तो सैरावैरा हलतो. युनिटचे पडदे बऱ्याचदा असेच फाटतात. उपाय स्वस्त आहे. प्लसच्या तारेत एक नॉन-पोलर कपॅसिटर लावा. ८ ओहमच्या युनिटला १००० हर्ट्झपासून किंवा १६ ओहमच्या युनिटला ५०० हर्ट्झपासून पुढचं वाजवायचं असेल तर दोन्हीकडं २० मायक्रोफॅरड पुरतो. नॉन-पोलर मिळाला नाही तर ४७ चे दोन साधे कपॅसिटर घेऊन त्यांच्या मायनस बाजू एकमेकींना जोडा, साधारण तेवढाच होतो.

कोनाच्या स्पीकरमागचा डबा हवाबंद ठेवायला विसरू नका. मागं फट राहिली तर मागचा आवाज पुढच्याला मारतो आणि कोनही सुटतो.

सगळी खटपट कशासाठी?

बॅटरीचा हिशेब केला की कळतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरीत ८४ वॅट-अवर वीज असते. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरली तर ४२. ॲम्प्लिफायर सरासरी ५० वॅट ओढत असेल तर कार्यक्रम तासाभराच्या आत बंद. भोंग्यामुळं तेवढाच आवाज ५ वॅटमध्ये मिळाला तर आठ तास चालतो. छोटं सोलर पॅनेलही मग पुरेसं होतं.

अंतराचंही तसंच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो, १०० मीटरवर ४० डेसिबल. एक मीटरवर ८४ डेसिबल देणारा स्पीकर तिथं ४४ वर येतो, पानांच्या सळसळीत बुडतो. १०४ देणारा भोंगा ६४ वर राहतो आणि शब्द न् शब्द कळतो.

पण हीच ताकद शेजाऱ्याला त्रासही देऊ शकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही आणि एरवीही परवानगी लागते. घरचा भोंगा म्हणून सूट मिळत नाही. अगदी जवळ कान नेऊन चाचणी करणं तर टाळाच.

थोडक्यात सांगायचं तर आधी भोंग्याचं माप ठरवा, मग त्याला शोभेल असा स्पीकर शोधा. खिशात वायरचा एक तुकडा ठेवा. नाशिकच्या दुकानात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावच्या भंगारवाल्याकडं, कुठंही गेलात तरी डब्यावरचे वॅट वाचायच्या आधी कोनावर टिचकी मारा. 'डुम्म'चं 'टप्' झालं की पिशवीत टाका.